श्टुटगार्टला ६५,००० युरोंत तिघांचं भागेल का? (वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे)

वाकडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत सिम्युलेशनचं काम करतो, वय ३६. जर्मनीतल्या श्टुटगार्टची ऑफर हातात आली आहे, वर्षाला ६५,००० युरो ग्रॉस. इथे सीटीसी २४ लाख. युरो शंभरीपार गेल्यामुळे घरातल्या प्रत्येकाने सरळ गुणाकार केलाय आणि "६५ लाखांचं पॅकेज" असं सासऱ्यांनी दोन लग्नांत सांगूनही झालंय.

मी एक्सेल करून बसलोय. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर 'विवाहित' टाकलं की हातात ३,७००च्या वर येतात. खर्च असा धरलाय: भाडं ९००, किराणा ३००, लाइट-नेट-फोन १००, प्रवास ६३, वरखर्च २००. म्हणजे १,५६३. शिल्लक दोन हजारांच्या वर, म्हणजे महिन्याला दोन लाख रुपये! हे इतकं गोड दिसतंय की विश्वास बसत नाही, म्हणून विचारतोय.

मागचं ओझं: वाकडच्या टू-बीएचकेचा हप्ता ४१,०००, अजून अकरा वर्षं. आई-बाबा साताऱ्याला, दोघंही माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये. बायको खासगी बँकेत, हातात ७०,००० येतात. मुलगी चार वर्षांची. नवी कंपनी तिघांची विमानाची तिकिटं आणि एक महिना राहायची सोय देतेय.

माझा हिशोब कुठे गंडलाय? महिन्याला एक लाख तरी मागे पडेल का? आणि तिघांनी एकदम जावं की मी आधी एकट्याने? तिकडे राहणाऱ्यांनी खरे आकडे सांगावेत, "मॅनेज होतं" असं नको.

बर्लिनचा_बंडू

९०० मध्ये तिघांना घर? मिळालं तर मलाही पत्ता कळवा, मी बर्लिन सोडून येतो.

गंमत सोडा. बर्लिनमध्ये किटाला, म्हणजे बालवाडीला, फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे द्यायचे. ते ऐकून श्टुटगार्टचं बजेट करू नका. किटाची फी प्रत्येक राज्यात, बऱ्याचदा प्रत्येक गावात वेगळी असते आणि तुमच्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये ती द्यावी लागते. बाकी तिकडचे लोक सांगतील.

एसलिंगनची_इचलकरंजीकर

वाटसरू, तुमची बेरीज-वजाबाकी ठीक आहे, रकाने कमी पडलेत. मी २०१७पासून एसलिंगनला आहे, श्टुटगार्टला खेटून, एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, वीसेक मिनिटं. वडील इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते, त्यामुळे रोजचा खर्च वहीत चढवल्याशिवाय मला चैन पडत नाही. खालचे आकडे त्या वहीतले आणि ओळखीच्या दोन-तीन घरांतले आहेत.

आधी पगार. तुमचा ३,७००चा आकडा खोटा नाही, उलट ६५,०००वर पावणेचार हजारांपर्यंत जातो. पण तो पहिल्या महिन्यात मिळणार नाही. इथे पगारातून कर कापतात तो 'श्टॉयरक्लासं', म्हणजे करवर्ग, बघून. कॅल्क्युलेटरने तुम्हाला वर्ग ३ दिलाय. तो मिळायला बायको जर्मनीत राहायला आलेली हवी. ती पुण्यात असेल तर लग्नाचा दाखला कितीही दाखवा, तुम्ही वर्ग १, सडेफटिंग. मग हातात साधारण ३,३५०. ती आली की आपोआप दोघांना वर्ग ४ लागतो, त्यातही तेवढेच. ३-५ ची जोडी, म्हणजे तुम्हाला वर्ग ३ आणि तिला ५, हवी असेल तर फिनान्त्सआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, अर्ज करावा लागतो. तिला इथे पगार नसेपर्यंत तो करून टाका. त्यात जास्तीचं काही मिळत नाही, वर्षाचं रिटर्न भरल्यावर दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात. पण ३-५ मध्ये पैसे दर महिन्याला हातात येतात आणि नवीन माणसाला तेच हवं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. पत्ता नोंदवल्यावर, म्हणजे आनमेल्डुंग झाल्यावर, करक्रमांक पोस्टाने घरी येतो. तो कंपनीला मिळेपर्यंत काही ठिकाणी वर्ग ६ने, म्हणजे सगळ्यात जास्त, कापतात आणि त्या महिन्याची पगारपावती बघून रडू येतं. पैसे पुढे वळते होतात, पण भाडं त्याच महिन्यात द्यायचं असतं. म्हणून तात्पुरतं घर घेतानाच विचारा, या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का. बरेच फर्निश्डवाले नाही म्हणतात.

कापलेलं सगळंच पाण्यात जात नाही. पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विम्याचा अर्धा भाग तुमचा, अर्धा कंपनीचा. बायको कमावत नसेल तर ती आणि मुलगी तुमच्याच सरकारी विम्यात बसतात, वेगळा हप्ता नाही. पोरीला रात्री ताप आला तर डॉक्टरकडे जाताना पाकीट चाचपावं लागत नाही, हे मी फार मोठं धरते.

आता घर. इथे 'तीन झिमर' म्हणजे हॉल धरून तीन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं. म्हणजे आपला टू-बीएचके. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते काल्टमीटं, नुसतं भाडं. त्यावर पाणी, हीटिंग, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे धरून होतं ते वार्ममीटं. तुम्ही ९०० बहुधा कुठल्या तरी दोन झिमरचं काल्टमीटं बघितलंत. एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन या पट्ट्यात तिघांना बरं घर वार्म १,४००-१,५००च्या खाली मिळालं तर नशीब समजा. श्टुटगार्ट शहरात त्याहून वर.

महिन्याचा खर्च मी असा धरीन. घर १,४५०. वीज ८०, ती वार्ममीटंमध्ये नसते. राहायला गेल्यावर तुम्ही कंपनी निवडली नाहीत तर गावच्या वीज कंपनीच्या मूळ दराने बिल सुरू होतं आणि तो दर बहुतेक वेळा महाग असतो. तिथून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं, पहिल्याच महिन्यात बाहेर पडा. नेट आणि दोन फोन ६०. टीव्ही-रेडिओची सरकारी वर्गणी घरटी १८.३६, टीव्ही नसला तरी. किराणा-साबण-सगळं ६००. किटा जेवणासकट २५०च्या आसपास, गावाप्रमाणे. दोन डॉइचलँडटिकिटं, म्हणजे देशभर चालणारे लोकल-बसचे मासिक पास, १२६, लहान मुलीला तिकीट नाही. तुमच्या कंपनीत जॉबटिकीट, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीचा पास, असेल तर हे कमी होईल. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा आणि घरातल्या सामानाचा विमा मिळून १५. कपडे-बूट-औषधं १५०, कारण पोरीचा पाय दर हिवाळ्यात एक नंबर वाढतो. बाहेर खाणं-फिरणं १५०. वर्षातून एकदा येणाऱ्या बिलांसाठी १०० बाजूला. भारतवारीसाठी २०० बाजूला, तिघांची दिवाळीतली तिकिटं दोन हजारांच्या पुढे जातात.

झाले ३,२००. पगार ३,७७० धरा, वर मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २५९, जानेवारी २०२६पासून तेवढं आहे. म्हणजे ४,०३० जमा. उरले सव्वाआठशे. त्यातून वाकडचा हप्ता गेला की सव्वाचारशे, म्हणजे चाळीस-बेचाळीस हजार रुपये. लाख मागे पडायला बायकोची कमाई लागेल. एका पगारावर नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. महिन्याचं गणित कसंही बसतं. किराणा ६०० चा ५०० होतो, बाहेर खाणं बंद होतं. माणसं अडकतात ती पहिल्या तीन-चार महिन्यांत, रोकड संपून. कंपनीचा महिना संपला आणि घर मिळालेलं नाही, असं जवळजवळ सगळ्यांचं होतं. मग फर्निश्ड घर महिन्याला १,५००-१,६००. घर मिळालं की डिपॉझिट. कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन महिन्यांत. पण वीस जणांतून तुम्हाला निवडणाऱ्या घरमालकासमोर हक्क काढायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. १,१५० धरलं तर साडेतीन हजार. पैसे तुमचेच, पण घर सोडल्यावर काही महिन्यांनी मिळणारे.

आणि स्वयंपाकघर! हे पुण्यात बसून पटत नाही. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा किचन म्हणून एक रिकामी खोली दाखवली. भिंतीतून दोन नळाची तोंडं बाहेर आलेली, त्यांवर बुचं. एका कोपऱ्यात शेगडीची जाड वायर, टोकाला काळी टेप. सिंक नाही, ओटा नाही, कपाट नाही. छताला दिव्याच्या जागी लोंबणाऱ्या तीन वायरी, सगळ्या खोल्यांत तशाच. आधीचा भाडेकरू किचन उचलून घेऊन गेला होता, कारण ते त्याचंच होतं. नवीन बसवायला तीन-चार हजार सहज. म्हणून जाहिरातीत 'आइनबाउक्युशं' शब्द शोधा, म्हणजे किचन घरातच आहे. नाहीतर जुना भाडेकरू त्याचं किचन विकतोय का विचारा, हजार-दीड हजारात सौदा होतो. क्लाइनअनत्साइगन या जुन्या सामानाच्या साइटवर सेकंडहँड मिळतात, पण काढायचं, आणायचं, बसवायचं तुम्हीच.

तर फर्निश्डचे दोन महिने ३,२००, डिपॉझिट ३,४५०, पहिलं भाडं १,४५०, किचन १,५००, पलंग-गाद्या-वॉशिंग मशीन-दिवे २,०००, थंडीचे कपडे ५००, व्हिसा आणि इथल्या परवान्यांच्या फी ३००. साडेबारा हजारांच्या घरात. मधे एक-दोन पगार येतील, तरी दहा हजार युरो हाताशी असल्याशिवाय तिघांनी एकदम विमानात बसू नका. पगार महिन्याच्या शेवटी होतो आणि रुजू व्हायची तारीख पेरोलच्या तारखेनंतर पडली तर पहिला पगार पुढच्या महिन्यात जातो.

म्हणून माझं मत, आधी तुम्ही एकटे या. एकट्याला खोली सात-आठशेत मिळते, बायकोच्या पगारातून वाकडचा हप्ता निघतो, घर शोधायला दम मिळतो. वर्ग १ने चारशे कमी येतील, किंडरगेल्ड नाही, दोन चुली पेटतील. तरी स्वस्त पडतं. फक्त ३१ डिसेंबरच्या आत त्या दोघींना आणा. वर्ष संपायच्या आत बायको इथे राहायला आली तर त्या अख्ख्या वर्षाचं रिटर्न दोघांचं एकत्र भरता येतं. तिचा त्या वर्षीचा पुण्याचा पगार कराचा दर ठरवताना धरतात, तरी तुमच्यासारख्या घराला बहुधा चांगली रक्कम परत येते. जानेवारीत आली तर ते वर्ष गेलं.

वाकडचा_वाटसरू

ताई, किती आभार मानू! तुमचा मजकूर वाचून बायकोने लॅपटॉप माझ्या हातातून काढूनच घेतला. एक्सेल आता तिच्या ताब्यात आहे आणि 'वरखर्च' नावाचा रकाना तिने उडवलाय.

तिचे प्रश्न. एक, वर्षातून एकदा येणारी बिलं म्हणजे नेमकी कुठली? दोन, तिला तिथे बँकेत नोकरी मिळेल का? तीन, घरातून काय न्यायचं, कुकर, मिक्सर, तूप?

आणि माझा. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिला तर २८-३० हजार येतील. मग हप्त्याचं ओझं अकरा ते तेरा हजारांवर येतं ना?

ठाण्याचा_ताळेबंद

फ्लॅटच्या प्रश्नावर मी बोलतो, रोजचं काम आहे.

भाडं येईल, पण पूर्ण हातात नाही. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूने दर महिन्याला टीडीएस कापून भरायचा, आणि तो साधारण ३१.२ टक्के. निवासी घरमालकाला ५० हजारांची मर्यादा असते तशी इथे नाही, भाडं दहा हजार असलं तरी कापायचा. ३० हजारांतले वीस-एकवीस तुमच्या खात्यात. रिटर्न भरलंत की जास्तीचा परत येतो, पण वर्षभर तो अडकलेला. शिवाय अर्धे भाडेकरू हे ऐकूनच दुसरा फ्लॅट बघतात. कंपनी लीज मिळालं तर सोन्याहून पिवळं. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मधला रिकामा महिना धरून वर्षाला अकराच भाडी धरा.

आता ताईंच्या वहीत नसणारे रकाने. तुमचं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करावं लागेल, तो नियम आहे, जुनंच चालू ठेवून चालत नाही. तिकडून पैसे पाठवायला एनआरई, म्हणजे परदेशी कमाईचं खातं, उघडा. हप्ता त्यातून जाईल अशी सूचना कर्जवाल्या बँकेला द्या. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, पण जर्मनीत ते उत्पन्नच धरतात हे लक्षात असू द्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. म्युच्युअल फंडांची केवायसी अनिवासी करून घ्या.

जाताना पैसे नेण्याबद्दल. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या वर पाठवलेत तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण ताई म्हणतात ती रोकडीची अडचण नेमकी तेव्हाच असते. १० हजार युरो म्हणजे आजच्या भावाने मर्यादेच्या अगदी काठावर. थोडे तुमच्या नावे, थोडे पत्नीच्या नावे पाठवा, प्रश्न मिटला. नोटा ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर.

जायची तारीखही बघा. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासीच, जर्मनीचा पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात तर तो घोळ टळतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आई-बाबांचा मेडिक्लेम. तुम्ही राजीनामा दिला की कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून ते बाहेर. नवीन घेतलीत तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत नेता येतं का, हे शेवटच्या दिवसाच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा. साठीच्या पुढच्या दोघांचा हप्ता पाहून दचकू नका, तो एक्सेलमध्ये टाका.

बर्लिनचा_बंडू

मेडिक्लेमच्या मुद्द्याला दहा वेळा अनुमोदन. माझ्या धाकट्या भावाने हेच राहू दिलं होतं आणि नंतर वडिलांच्या ऑपरेशनचा सगळा खर्च आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतला.

एसलिंगनची_इचलकरंजीकर

ताळेबंदभाऊ, टीडीएसचं बरं सांगितलंत. वाटसरू, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा, एक्सेल योग्य हातात गेलंय.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सगळ्यात घाबरवणारं बिल नेबेनकोस्टेनचं. वार्ममीटंमधले हीटिंग-पाण्याचे पैसे हा नुसता अंदाज असतो. वर्ष संपलं की घरमालक खरा हिशोब मांडतो आणि त्यासाठी त्याला बारा महिने मुदत असते. म्हणजे २०२६च्या हिवाळ्यात तुम्ही हीटर पाचवर ठेवून बनियनवर बसलात तर त्याचं बिल २०२७च्या दिवाळीतसुद्धा येऊ शकतं. तीनशे-चारशे युरो मागणारं पाकीट आलं की नवीन मंडळी घाबरून मला फोन करतात. आधी कागद नीट वाचायचा, तुम्ही राहायला आलात त्या तारखेपासूनच आकारलंय ना ते बघायचं. विजेचंही तसंच, दरमहा ठरीव रक्कम आणि वर्षाने हिशोब. राहायला गेल्या दिवशी सगळ्या मीटरांचे फोटो काढून ठेवा.

चष्मा आणि दात पुण्यातच करून या. मोठ्या माणसाच्या साध्या चष्म्याला इथला सरकारी विमा पैसे देत नाही आणि दाताच्या कॅपचा बराच भाग आपल्या खिशातून जातो. दोन जास्तीचे चष्मे आणा. गाडीचा विचार पहिल्या वर्षी करूच नका. आपलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, आणि ड्रायव्हिंग स्कूल धरून दोन-तीन हजार युरो. एस-बान आहे.

दुसरा प्रश्न, बँकेतली नोकरी. गोड बोलून फसवत नाही. गिऱ्हाइकासमोरचं काम असेल तर चांगलं जर्मन हवंच, त्याला दीड-दोन वर्षं जातात. मागच्या ऑफिसातलं काम, ऑडिट, रिस्क, अशा ठिकाणी इंग्रजीवर काही जागा असतात, पण त्यासाठी स्पर्धा मोठी. तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, मिळालं तर तिला यायला जर्मनची परीक्षा लागत नाही आणि कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून असते. परीक्षा लागत नाही म्हणून शिकायचं टाळू नये. तुम्ही इथे घर शोधत असाल ते महिने तिने पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या, ए१ आणि ए२, करून यावं. तिकडे रुपयांत होतं, आई-वडील मुलीला बघतात. इथे आल्यावर मुलीला किटात जागा मिळेपर्यंत तिला घरात अडकून पडायला होतं, आणि जागा मिळायला कधी कधी सहा-सहा महिने. पत्ता नोंदवल्याच्या दिवशीच किटाचा अर्ज टाका. एक्सेलमध्ये तिचा पगार पहिली दोन वर्षं शून्य धरा. आधी मिळाला तर आनंदच.

हे तिच्यासमोर वाचा बरं का. सत्तर हजारांची नोकरी ती सोडतेय, म्हणजे तुमच्या पावणेचार हजारांतून तिचे सातशे युरो मनातल्या मनात वजा करायचे. 'माझा पगार वाढला' असं म्हणायच्या आधी पुण्याच्या दोन पगारांची बेरीज समोर ठेवा आणि मग बघा किती वाढला.

आता सामान. विजेचा दाब आपल्याइतकाच, मिक्सर आणा, फक्त पिन बदलणारं अडॅप्टर लागतं. कुकर स्टीलचा, सपाट बुडाचा आणा. इथे गॅस क्वचित, इंडक्शन असलं तर ॲल्युमिनियमचा कुकर शोभेला ठेवावा लागतो. चार जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या आणा, त्या इथे सहज मिळत नाहीत. तूप आणू नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, पेढे-खवासुद्धा. कढीपत्ताही नको, रोपं-पानं-फळांना प्रमाणपत्र लागतं. भाकरवडी, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला खुशाल आणा.

तुपाचं दुःख करू नका. इथे अडीचशे ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात मिळतं. चार पाकिटं जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायची, कढताना आवाज बारीक झाला आणि बेरी बदामी झाली की उतरवायची. आमच्याकडे दर महिन्याला होतं आणि बेरीवर पोरांची भांडणं. किराण्यात तुर्की दुकान हा मोठा आधार. भेंडी, कोथिंबीर, पुदिना, छोले, मसूर, दहा किलोची तांदळाची गोणी. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातून महिन्यातून एकदा. दर आठवड्याला तिकडे गेलात तर ६००चे ८०० होतात, कारण माणूस पोहे आणायला जातो आणि फ्रोझन पराठे, आंब्याचा पल्प, बिस्किटं घेऊन येतो.

शेवटी ऑफर. सही करायच्या आधी पगारात हजार-दोन हजार वाढवून मागण्यापेक्षा राहायची सोय एकाची तीन महिने करून मागा. वाढवलेल्या दोन हजारांतले हातात निम्मेच येतात आणि ते बारा महिन्यांत विखरून. राहायच्या सोयीचे दोन महिने म्हणजे तुमचे रोख तीन हजार वाचले, तेही जेव्हा सगळ्यात गरज असते तेव्हा. मोठ्या कंपन्या ऐकतात. घर शोधून देणारा रिलोकेशन एजंट देता का तेही विचारा, इथल्या घरमालकांना जर्मनमध्ये फोन करणारा माणूस लागतो. आणि तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर आनमेल्डुंग करू देतील, हे मेलमध्ये लेखी घ्या.

वाकडचा_वाटसरू

मेल टाकला. एचआर म्हणाल्या दोन महिने नक्की, तिसऱ्याचं विचारून सांगते. एजंट मिळतोय.

एकट्याने जायचं ठरलं. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या दोघी नाताळच्या आत. बायको उद्या मॅक्स म्युलरला चौकशीला जातेय. नव्या एक्सेलमध्ये शेवटी ४०,००० शिल्लक दिसतेय, आणि आई-बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता अजून टाकायचाय.

एक राहिलंच, ताई. एजंटने पाठवलेल्या एका घराच्या कागदात 'केअरवोखं' असं लिहिलंय, त्याचे वेगळे पैसे पडतात का?

एसलिंगनची_इचलकरंजीकर

पैसे नाही, झाडू पडतो. आमच्या या श्वाबेन मुलखाची रीत आहे ही. ज्या आठवड्यात तुमच्या दाराला पाटी लागेल त्या आठवड्यात जिना, तळमजल्याचा पॅसेज आणि घरासमोरची फरसबंदी तुम्ही झाडायची, पुसायची, बर्फ पडला असेल तर तोही सकाळी काढायचा. शेजारच्या आजी खिडकीतून बघत असतात. काही इमारतींत माणूस ठेवलेला असतो, मग त्याचे पैसे नेबेनकोस्टेनमध्ये येतात, तेवढं एजंटला विचारून घ्या. बर्फाचं फावडं तळघरात असतं, विकत घेऊ नका.